न्यूक : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

चिंचवंडच्या शेतकी सोसायटीच्या फळ्यावर सत्यभामानं एके सकाळी एक इंग्रजी शब्द लिहिला, आणि पुढचे एकवीस दिवस तो तिला काही पुसता आला नाही. आता तुम्ही म्हणाल, फळ्यावरचा शब्द पुसायला असं काय लागतं हो? एक ओलं फडकं! पण तसं नव्हतं ना. चिंचवंडचा फळा म्हणजे साधासुधा फळा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात मोहनराव गुरुजींनी तो सोसायटीच्या भिंतीवर काळा रंग देऊन करून घेतला. खडी फोडायला जाणाऱ्या बायामाणसांना जगात काय चाललंय ते कळावं, एवढाच हेतू. पण गुरुजी पडले हट्टी. त्यांनी फळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नियमच लिहून ठेवला: 'ज्याला जो शब्द कळला नाही त्याने त्याला गोल करावा. लिहिणाऱ्याने अर्थ सांगावा. विचारणाऱ्याने स्वतःच्या वाक्यात उपयोग करावा. तोवर शब्द पुसू नये.' गुरुजी जाऊन दहा वर्षं झाली, सोसायटीचे चार चेअरमन बदलले, पण नियम कुणी मोडला नाही. निवडणुकीत एकमेकांचे सदरे फाडणारी माणसं या बाबतीत मात्र अगदी शहाण्या बाळासारखी वागायची.

तर ते अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्याचे दिवस. तिकडं राजस्थानच्या वाळवंटात नुकत्याच अणुबॉम्बच्या चाचण्या झालेल्या. चहावाल्या सटवानं त्या आनंदात सगळ्या गावाला चहा फुकट पाजला होता, पण अर्धाच कप. पाणी कुठं होतं? आड कोरडा, हापसे कोरडे. दिवसातून दोनदा टँकर यायचा, आडात पाणी सोडायचा, आणि गाव घागरी-कळश्या घेऊन आडावर तुटून पडायचं.

सत्यभामा सोसायटीच्या सेक्रेटरीची, सुंदररावांची लेक. वय एकवीस. बी.ए.चं दुसरं वर्ष घरूनच करत होती, तेही इंग्रजी घेऊन, म्हणून गावात तिचा तोरा होता. फळा लिहायचं काम तिचं. वर ठळक बातम्या, मधे बाजारभाव, आणि खाली तिनं स्वतःच्या हौसेनं सुरू केलेला 'आजचा इंग्रजी शब्द'. त्या दिवशी एसटीनं दोन दिवस शिळा इंग्रजी पेपर आला. त्यात फोटो होता. परदेशातली गोरी पोरंपोरी रस्त्यात बसलेली, हातात पाट्या, पाट्यांवर एक आखूड शब्द. सत्यभामानं तो उचलला आणि फळ्यावर ठोकून दिला... न्यूक. अर्थ? अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. संध्याकाळपर्यंत बघू म्हणाली. इंग्रजी शब्दाला आजवर गोल केलाय कुणी?

अकराच्या सुमाराला टँकर मागं घेत घेत सोसायटीसमोरच्या आडापाशी आला. सत्यभामा स्टुलावर चढून कापसाचा भाव लिहीत होती. तिच्या अगदी पाठीशी हॉर्न वाजला, ती दचकली, स्टूल डुगडुगलं, खडू हातातून निसटला...

"ओ, सावकाश! फळा कुठं पळून चाललाय व्हय?"

तिनं वळून बघितलं. नवा ड्रायव्हर होता. गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, गळ्यात लाल पंचा, आणि तोंडभर हसू. वय असेल चोवीस-पंचवीस. त्यानं पडलेला खडू उचलला, फुंकला, आणि तिला द्यायचं सोडून स्वतःच फळ्यापाशी गेला. डोकं मागं करून गुरुजींचा नियम वाचला. ओठ हलवत, शब्द न् शब्द. मग खाली वाकून त्यानं 'न्यूक'भोवती हा एवढा मोठा गोल काढला!

"ह्ये न्यूक म्हंजे काय हो?"

सत्यभामा आयतीच सापडली. पण चेहरा? चेहरा अगदी मास्तरणीचा.

"तुम्ही ह्या गावचे नाही. तुम्हाला नियम लागू होत नाही."

"नियमात गावाचं नाव कुठं हाय? ज्याला कळला न्हाई त्यानं, असं लिवलंय. मला न्हाई कळला."

"उद्या सांगते. सविस्तर सांगावं लागेल."

"म्हंजे तुमालाबी मालूम न्हाई!"

"माहीत आहे!" तिचे कान तापले. "पण... आत्ता वेळ नाही."

"असूं द्या, असूं द्या," तो म्हणाला आणि खेपेची वही पुढं केली. "तवर सही तर करा. दोन बायांच्या सह्या लागत्यात, पाणी पोचलं म्हणून."

सत्यभामानं सही केली. शेजारच्या तुळजाबाईनं अंगठा उठवला. तुळजाबाई म्हणजे साठीची, एकटी, आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात पटाईत. टँकर धूळ उडवत गेला तशी ती म्हणाली, "काय गं, सही करताना हात कावून थरथरत व्हता?"

"स्टूल हललं होतं ना मघा."

"आसंल बाई, स्टूलच आसंल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो आला, चार वाजता पुन्हा आला, आणि दोन्ही खेपांना त्यानं एकच विचारलं. नाव कळलं, बद्रीनाथ, नांदूरघाटचा. सत्यभामाला मात्र अर्थ कळला नव्हता. सोसायटीतला जुना शब्दकोश तिनं पालथा घातला. त्यात तो शब्दच नव्हता. हायस्कूलच्या भगवानराव सरांकडं गेली. सर बीडच्या शाळेत शिकलेले, इंग्रजीत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. सरांनी चष्मा पुसला, शब्द उलटा वाचला, सुलटा वाचला, आणि निकाल दिला, "इंग्रजीत हा शब्दच नाही. छपाईची चूक आहे."

गावाला मात्र नाद लागला. पाण्याच्या रांगेत दुसरा विषय नाही. सटवा म्हणाला, गुरांच्या औषधाचं नाव आहे, त्यानं डबा बघितलाय. कुणी म्हणालं, परदेशी बियाणं असावं. तुळजाबाईनं तर शपथेवर सांगितलं की तिच्या भाचीच्या चुलतसासऱ्याला न्यूक झाला होता, आणि तो त्यातून वाचला.

पाचव्या दिवशी सत्यभामानं ठरवलं, बास. आता बीड गाठायचंच! घरी सांगितलं, कॉलेजचा फॉर्म आणायचाय. पहाटेच्या एसटीनं बीडला गेली, मोठ्या वाचनालयात जाऊन तिथला सगळ्यांत जाड कोश मागितला. दोन्ही हातांनी उचलावा लागला. पानं उलटता उलटता बोट थांबलं... आणि ती एकटीच एवढ्या मोठ्यानं 'अय्या!' म्हणाली, की समोरच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली केला. तिनं सगळं कागदावर उतरवून घेतलं. परतीच्या गाडीत जागा नव्हती, तरी उभ्यानं तो कागद तिनं सात वेळा वाचला. आणि दर वेळी तिच्या डोळ्यांसमोर काय यायचं, तर कोश नाही, बॉम्ब नाही, एक लाल पंचा. स्वतःचाच राग आला तिला. एका शब्दासाठी माणूस एवढ्या उन्हात बीडला जातो होय? शब्दासाठी नसेल जात, असं मनानं हळूच सांगितलं, आणि तिनं मनाला दटावून गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी टँकरचा पाइप आडात सोडून बद्रीनाथ आला तेव्हा ती तयारच होती.

"ऐका. न्यूक म्हणजे अणुबॉम्ब. न्यूक्लिअर हा मोठा शब्द, त्याचं हे आखूड केलेलं रूप. बोलीतलं. पुस्तकात फार वापरत नाहीत, बोलताना वापरतात."

"म्हंजे घरातलं नाव! बद्रीनाथचं बद्री करत्यात तसं?"

"तसंच."

बद्रीनाथ फळ्याकडं बघत राहिला. आडात पाणी धबधबा पडत होतं. पाइपाच्या जोडातून उडणारे बारीक थेंब त्याच्या मानेवर, तिच्या बांगड्यांवर बसत होते. त्या उन्हात तेवढं गार फार बरं वाटत होतं.

"एवढ्या वंगाळ चीजेला लाडाचं नाव?" तो म्हणाला. "कावून?"

आता याचं उत्तर काही कोशात नव्हतं. सत्यभामानं विचार केला.

"आपण रात्रीचं सापाला साप म्हणतो का? लांबडं म्हणतो. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणायचे जुने लोक. ज्याची भीती वाटते ना, त्याला माणूस दुसरं नाव देतो. लहान, सोपं. म्हणजे जवळ बसवून घेता येतं."

"ब्येस!" बद्रीनाथ मनापासून म्हणाला. एवढं मनापासून तिला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. भगवानराव सरांनीसुद्धा नाही. तिनं गडबडीनं कागद पुढं वाचला. "आणखी आहे. हेच क्रियापदासारखं वापरतात. म्हणजे एखादी गोष्ट पार निपटून टाकणं, मागमूस न ठेवणं. आणि... हे तर ऐकाच. तिकडं विजेवर चालणारी एक पेटी असते, तिच्यात शिळं अन्न मिनिटभरात गरम होतं. त्यालाही गमतीनं हाच शब्द."

"आं? ज्या शबदानं गाव जाळायचं, त्याच शबदानं भाकर ऊन करायची?"

"हो ना!"

दोघंही हसत सुटले. तिला वाटलं, या माणसाला आणखी शंभर शब्द सांगावेत.

"झालं तर मग," ती म्हणाली, "अर्थ कळला. आता वाक्य करा, म्हणजे मी फळा पुसते."

बद्रीनाथनं कान खाजवला. "पण ह्यो अणू म्हंजे काय, त्ये कळल्याबिगर वाक्य कसं करू?"

"सातवी-आठवीला असतो की अणूचा धडा!"

"आसंल. पण पुस्तकात कुठं आसतो? शेवटाकडं. मी दिवाळीनंतर शाळेत कवा व्हतो?" तो हसतच म्हणाला, पण नजर पाइपावर होती. "दिवाळी झाली की माय-बापासंग ऊस तोडाया जायचो हर साली. परत याचं म्हंजे परीक्षा झालेली. नववीपस्तोर समदी पुस्तकं मला निम्मीच मालूम हायत. निम्म्या कविता, निम्मा भूगोल. गणितात तर भागाकारापस्तोर गेलतो न् पुढं..."

सत्यभामानं हातातला कागद घडी घालून ठेवला. तिनं अर्धं पुस्तक कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या घरातली सगळी पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत होती, आणि कित्येकदा ती कंटाळा आला म्हणून मधेच सोडून द्यायची. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"टँकर रिकामा व्हायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"दोन खेपा, म्हणजे चाळीस. पुरे झाली. उद्यापासून मी शिकवते."

आणि मग रंगली बघा शाळा! आडाच्या कट्ट्यावर, चिंचेच्या सावलीत. ती माळ्यावरची आपली जुनी पुस्तकं काढून आणायची आणि सरळ मागचं अर्धं उघडायची. बद्रीनाथ प्रश्न विचारून विचारून तिला दमवायचा. अणूच्या पोटात काय असतं? ते फुटतं कसं? आणि एक फुटला तर एवढा मोठा जाळ होतो कसा?

"साखळी असते," तिनं समजावलं. "एक अणू फुटला की त्याचे तुकडे शेजारच्या दोघांना जाऊन लागतात. ते दोघं फुटतात, ते चौघांना लागतात. चारांचे आठ, आठांचे सोळा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं पेटलेलं."

"हां हां, कळलं!" बद्रीनाथनं मांडीवर थाप मारली. "पाण्याच्या रांगंतली खबर! एकीनं दोघींला सांगितली, दोघींनी चौघींला..."

"अगदी तीच!"

"मंग मास्तरीणबाई, आपून हितं रोज बसतूया, त्ये पहिल्या बाईनं बघितलं आसंल का अजून?"

सत्यभामानं चमकून रांगेकडं बघितलं. वीस-पंचवीस बाया. आणि सगळ्यांनी एकदम घागरींत डोकी घातली, जणू तिथं काही फारच बघण्यासारखं होतं.

"तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटं धरून वाचायला लागली.

"पुस्तक उलटं हाय."

"मला येतं उलटं वाचता."

दिवस असे जात होते. मधे एकदा तो दोन दिवस आलाच नाही, टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता म्हणे. त्या दोन दिवसांत सत्यभामानं फळ्यावर कापसाचा भाव ज्वारीला आणि ज्वारीचा कापसाला लिहिला, आणि अडतीवर भांडणं लागली. तिसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच धावली. समोर उभी राहिल्यावर मात्र म्हणाली काय, तर "टँकर उशिरा आला."

"टँकरची वाट बघत व्हता, का डायव्हरची?"

"पाण्याची!"

"पाण्याची व्हय," तो म्हणाला. "मंग घागर कुठं हाय?"

घागर नव्हती. ती तशीच उभी राहिली, हाताचं पीठ चोळत, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

खरं म्हणजे दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती आणि दोघंही ती बोलत नव्हते. वाक्य झालं की गोल पुसला जाणार. गोल पुसला की कट्ट्यावर बसायला निमित्त नाही. आणि मृग लागायला तरी किती दिवस होते? पाऊस आला की टँकर बंद, आणि बद्रीनाथ नांदूरघाटला. म्हणून तो रोज नवा प्रश्न काढायचा आणि ती रोज म्हणायची, "बरोबर आहे, हे कळल्याशिवाय वाक्य कसं कराल?" गाव काही दुधखुळं नव्हतं. सटवा तर बद्रीनाथला चहा देताना म्हणायचाच, "काय बे, एका वाक्याला महिना? आख्खी बखर लिवतो काय?"

साखळी सुंदररावांपर्यंत पोचली ती एकविसाव्या दिवशी.

सुंदरराव आरडाओरडा करणारे नव्हते. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि शांतपणे म्हणाले, "सत्यभामे, त्यो शब्द उद्या पुसला पाहिजे."

"आबा, नियम—"

"नियमानंच पुसू. उद्या त्या पोराला वाक्य करायला लावतो. परवापासून दुसरा डायव्हर येईल. बोललोय मी."

तिनं ताट उचलायच्या निमित्तानं मान खाली घातली. सुंदररावांनी ओला हात उपरण्याला पुसला.

"पोरगं वंगाळ न्हाई. आपल्या जातीतलं हाय, कष्टाचं हाय. पण कोयत्याचं घर हाय गं त्ये. तुझी आत्या मी आसल्याच घरात दिली. बारा वर्षं उसाच्या फडात काढली तिनं. तिचे हात बघितलेस ना? तुझ्या हाताला खडू लागतोय, तेवढाच लागू दे."

हे ते रागानं म्हणाले असते तर सत्यभामा भांडली असती. पण आबांच्या आवाजात राग नव्हताच. आत्याचे हात तिनंही बघितले होते. ती ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला फळ्यासमोर निम्मं गाव जमलं. बद्रीनाथनं खाली उतरल्या उतरल्या सगळं ओळखलं. सुंदरराव पुढं झाले.

"लई दिवस झाले, पावणं. वाक्य होऊ द्या."

बद्रीनाथनं एकदाच तिच्याकडं बघितलं. सत्यभामाचा जीव टांगणीला लागला. बोल, तिला वाटत होतं, बोल ना काहीतरी! प्रेमाचं नसलं तरी चालेल, पण माझ्यासाठी काहीतरी... त्यानं पंचा काढून हातात घेतला, घसा खाकरला.

"न्यूक करायची अक्कल ज्यांच्याकडं हाय, त्यांनी तीच अक्कल आडाला पाणी आणायला लावावी."

वा! टाळ्याच पडल्या. भगवानराव सर 'उत्तम, उत्तम' म्हणाले, छपाईची चूक विसरून. बद्रीनाथनं पंचा आडाच्या पाण्यात बुडवला आणि गोल पुसला, शब्द पुसला. खाली काळा ओला डाग राहिला.

"झालं वाक्य, मास्तरीणबाई," तो हळूच म्हणाला. वहीवर सही घेतली आणि गेला. एकदासुद्धा मागं वळला नाही.

सत्यभामा घरात जाऊन रडली. रागानं रडली. तुळजाबाई मागोमाग आलीच.

"एक शब्द बोलला नाही तो माझ्यासाठी!"

"काय बोलंल गं? चारचौघात बोलून त्यो जाईल निघून, आन् नाव कुणाचं निघंल? तुझं! म्हणून गिळलं त्यानं. मला मालूम हाय, गिळताना मी बघितला त्याला."

सत्यभामा रडायची थांबली. रात्रभर ती जागीच होती, आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. एवढ्या दिवसांत तिनं त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. 'टँकर आला', 'टँकर गेला', 'टँकरवाले'. भीती वाटते त्याला माणूस दुसरं नाव देतो, हे तीच नव्हती का शिकवत?

सकाळी तिनं स्टूल मांडलं. बातमी नाही, बाजारभाव नाही. सबंध फळाभर, मोठ्या अक्षरांत तिनं एकच शब्द लिहिला.

बद्रीनाथ.

आणि त्याच्याभोवती स्वतःच गोल केला.

काय सांगू तुम्हाला त्या दिवशीची चिंचवंडची कळा! बायांनी तोंडात बोटं घातली. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव उखाण्यात लपवून घेणाऱ्या बाया त्या, आणि ही पोरगी चार फुटी अक्षरांत लिहून खाली स्टुलावर बसलीय! सटवाच्या किटलीतला चहा उतू गेला. कुणीतरी सुंदररावांना बोलावून आणलं. ते ओलं फडकं घेऊनच आले.

"नियम आहे, आबा," सत्यभामा म्हणाली. ती स्टुलावरून उठली नाही.

"लिवलं तू. गोलबी तूच केलास?"

"त्याला मनाई कुठं हाय?"

सुंदररावांनी मान वर करून गुरुजींचा नियम वाचला. पुन्हा एकदा वाचला. मनाई कुठंच नव्हती. सगळं गाव त्यांच्या हातातल्या फडक्याकडं बघत होतं. गुरुजींनीच त्यांना अक्षर शिकवलं होतं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ऑफिसात जाऊन बसले.

एक दिवस गेला, दोन गेले. नवा ड्रायव्हर धुळाजी यायचा, पाणी सोडायचा, फळा वाचून डोकं खाजवायचा. सत्यभामा पाण्याच्या वहीवर सही करायची आणि पुन्हा स्टुलावर बसायची. घरात आई बोलेना, बाहेर माणसं बोलायची थांबेनात. तिसऱ्या रात्री तिला खरंच वाटलं की आपण वेडेपणा केला. समजा तो आलाच नाही तर? हे नाव पावसानं धुऊन जाईपर्यंत इथंच राहणार, आणि आपण जन्मभर त्याच्या खाली.

चौथ्या दिवशी टँकर आला तेव्हा धुळाजीच्या शेजारी आणखी एकजण बसला होता.

बद्रीनाथ खाली उतरला. फळ्यासमोर उभा राहिला, ओठ हलवत स्वतःचं नाव वाचलं. मग खाली बघितलं, स्टुलावर.

"धुळाजी म्हणला फळ्यावर तुझं नाव हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, मस्करी करतोय."

तोवर सुंदरराव बाहेर आले होते. फडकं हातात.

"लिहिणाऱ्याने अर्थ सांगावा," ते लेकीला म्हणाले. "सांग अर्थ."

सत्यभामा उठली. घागरी खाली ठेवल्याचे आवाज झाले, मग तेही थांबले.

"अर्थ मला पुरा माहीत नाही, आबा. कोशात असता तर बीडला जाऊन आले असते. हा सोबत राहूनच कळंल. त्याला वेळ लागंल, लई वेळ लागंल. पण मला तेवढा वेळ द्यायचाय."

सुंदररावांनी तोंड फिरवलं, बद्रीनाथकडं.

"पाऊस पडला की टँकर बंद. मग? ऊसच ना?"

"कारखान्याची गाडी चालवणार हाय. कोयता न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. थोडं थांबून, शब्द गोळा करून पुढं बोलला, "आबा, माझी माय अजून फडात जाती. यंदापासून तिला घरी ठेवायची म्हणून तर मी गाडी शिकलो. मायच्या हातातला कोयता काढून ह्यांच्या हातात देईन का मी?"

पाइपातून पाणी आडात पडत होतं. सुंदररावांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग एकदम सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "वाक्य राहिलं. विचारणाऱ्याने वाक्यात उपयोग करावा. कर वाक्य, फळा किती दिवस अडवणार?"

"वाक्य करायला," सत्यभामा म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांत पुन्हा तो जुना तोरा आला, "आधी मला कुणी काही विचारलं पाहिजे. मला अजून कुणी विचारलेलंच नाही."

"हितं?" बद्रीनाथ घाबरला. "समद्यांदेखत?"

"इथं."

"इचार की बे!" सटवा ओरडला. "पाणी ऊन व्हायलंय!"

बद्रीनाथनं पंचा पिळला. कोरडाच होता, तरी पिळला.

"सत्यभामा..." तो म्हणाला. तिचं नाव त्यानंही पहिल्यांदाच घेतलं होतं. "माझ्यासंग लगीन करशील का?"

सत्यभामानं हात मागं बांधले, शाळेत उत्तराला उभं राहतात तशी उभी राहिली, आणि मोठ्यानं, अख्ख्या आडाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बद्रीनाथनं विचारायला पंचवीस दिवस लावले, आणि मी हो म्हणायला एक क्षणसुद्धा लावला नाही!"

तुळजाबाईनं घागरीवर थाप मारली, मग दुसरीनं मारली, मग कुणी थांबेचना. त्या गलक्यात सुंदररावांनी ओलं फडकं लेकीच्या हातात दिलं. ती स्टुलावर चढली. बद्रीनाथनं स्टूल घट्ट धरलं.

तिनं गोल तेवढा पुसला. नाव राहू दिलं.